पॉली फार्मर आणि हातपासची कला

ग्रॅहम 'पॉली' फार्मर (१९३५–२०१९) हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला नूंगार या आदिवासी वंशाचा खेळाडू. त्याचं बालपण पर्थमधील 'सिस्टर केट्स' या अनाथाश्रमात गेलं. १९५३ मध्ये तो ईस्ट पर्थ क्लबकडून खेळू लागला. १९६२ मध्ये तो व्हिक्टोरियातील जिलाँग क्लबकडे गेला. तिथल्या पहिल्याच सामन्यात गुडघा जायबंदी झाला, तरी पुढच्याच वर्षी जिलाँगच्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता.

फार्मर 'रकमन' होता, म्हणजे पंचाने उसळवलेल्या चेंडूवर उंच झेप घेणारा खेळाडू. पण त्याचं खरं मोठेपण हातपासमध्ये आहे. या खेळात चेंडू फेकता येत नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो मारावा लागतो. पूर्वी बहुतेक खेळाडू अडचणीत सापडले तरच हातपास देत. फार्मरने त्याचं चढाईचं हत्यार केलं. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार मारण्याचा सराव तो तासन्‌तास करी. लांब पल्ल्याचा, धावत्या साथीदाराच्या पुढ्यात नेमका पडणारा त्याचा हातपास पुढच्या पिढ्यांनी गिरवला.

१९६८ मध्ये पर्थला परतून त्याने वेस्ट पर्थला कर्णधार-प्रशिक्षक म्हणून १९६९ आणि १९७१ ची विजेतेपदं मिळवून दिली. दोन्ही अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी होता त्याचाच जुना क्लब, ईस्ट पर्थ! पर्थमधल्या एका द्रुतगती मार्गाला त्याचं नाव आहे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्यावरील वारंवार आघातांशी जोडलेला 'सीटीई' हा विकार आढळला. या खेळातल्या खेळाडूत असं निदान प्रथमच झालं.