वाद, जल्प आणि द्रौपदीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका शाळेने आम्हांला वादविवाद स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावले होते. विषय महाभारतातला होता : द्यूतात आधी स्वतःलाच हरलेल्या युधिष्ठिराला द्रौपदी पणाला लावण्याचा अधिकार होता काय? मुले तडफेने बोलली, टाळ्याही भरपूर पडल्या. मात्र त्या सभेत प्रत्यक्षात कोण काय म्हणाले, हे एकानेही सांगितले नाही. तरी आम्ही बक्षीस देऊन आलो.

निरर्थक हुज्जतीला आपण 'वितंडवाद' म्हणतो. या शब्दाचे मूळ न्यायशास्त्रात आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत आकाराला आलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती खोडून काढायची, ती वितंडा. वाद करावा तो गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा मत्सर नसलेल्या माणसांशी. म्हणजे वर्गातच की! जल्प आणि वितंडा यांनाही तिथे जागा आहे, पण कोवळ्या रोपाभोवतीच्या काटेरी कुंपणाइतकीच.

जल्पातल्या लबाड्याही या शास्त्राने नोंदवल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे छल. वात्स्यायनाच्या भाष्यातले त्याचे उदाहरण मुलांना फार आवडते. संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊसुद्धा. एक जण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्यापाशी नवे कांबळे आहे. दुसरा लगेच उसळतो : नऊ कुठली? एकच तर दिसते! संदर्भ सोडून शब्द पकडण्याची ही खोड भाषेच्या शिक्षकांना रोजच भेटते.

ग्रंथाचा अर्थ लावण्यासाठी वादाची बांधीव चौकट मीमांसकांनी वापरली. वेदवाक्यांवरील प्रत्येक प्रश्नाचे ते 'अधिकरण' करीत. त्याची अंगे पाच : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. आपल्याला न पटणारी बाजू आधी आणि तिच्या पूर्ण बळानिशी मांडायची, हे आम्हां प्रयोगशाळेतल्या माणसांना विशेष भावते. आपल्या निष्कर्षावरचा सर्वांत अवघड आक्षेप आपणच शोधावा, ही शिस्त आम्हांलाही पाळावी लागते (पाळतोच असे नाही). अर्थात या विद्येची दारे स्त्रियांना आणि बहुसंख्य समाजाला बंद होती, हेही विसरता येत नाही.

पुढे त्याच विषयावर आम्ही दुसऱ्या एका वर्गात अधिकरण मांडून पाहिले. अट एकच : प्रत्येक विधानाला सभापर्वातला आधार हवा. पूर्वपक्षाला कर्ण सापडला : युधिष्ठिराने सर्वस्व पणाला लावले, द्रौपदी त्यातच आली. उत्तरपक्षाने विकर्ण उभा केला : ती पाचांची पत्नी, आणि लावणारा आधीच हरलेला. मग एका मुलीने भीष्म वाचून दाखवले. स्वामित्व गमावलेल्याला पण लावता येत नाही हे त्यांना दिसते. पत्नी पतीच्या अधीन, हेही ते धरून बसतात, आणि धर्माची गती सूक्ष्म म्हणून थांबतात. वर्गात बराच वेळ कोणी बोलेना. जो मुलगा कर्णाची बाजू हिरिरीने लढवत होता, तोच म्हणाला, सर, हे तर कर्णापेक्षा वाईट झाले.

तास संपला तेव्हा वह्यांतला 'निर्णय' हा रकाना कोराच होता. आम्ही तो भरायला सांगितले नाही. सभापर्वातही सभेने निर्णय दिलेला नाही; अपशकुनांनी घाबरलेल्या धृतराष्ट्राने द्रौपदीला वर देऊन प्रकरण मिटवले.