झिओलाइट आधी मिठात का भिजवतात?

खाणीच्या सांडपाण्यातून शिसं, कॅडमियम काढण्याचे शोधनिबंध वाचायला घेतलेत की एक पायरी वारंवार दिसेल: नैसर्गिक झिओलाइट आधी मिठाच्या द्रावणात भिजवलं. आपण ती 'पद्धती'त उतरवून घेतो आणि पुढे जातो. पण तिचं कारण जुन्या इतिहासात आहे.

१७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी एक खनिज ज्योतीत तापवलं, तर ते फेसाळलं. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव पडलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. त्याचा खरा गुण कळायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली, आणि वाट निघाली शेतातून. खताचं काय होतं हे पाहायला इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचं द्रावण झिरपू दिलं. खाली आलं कॅल्शियम सल्फेट! म्हणजे मातीने अमोनियम ठेवून घेतलं आणि बदल्यात कॅल्शियम दिलं. हे १८५० साली प्रसिद्ध झालं. १८५८ मध्ये आइशहॉर्न यांनी झिओलाइटमध्येही हीच अदलाबदल दाखवली, आणि ती उलटी फिरते हेही.

आता मिठाकडे या. झिओलाइटच्या सांगाड्यात काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे ऋण भार उरतो. तो भार सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन सांभाळतात. मिठात भिजवलं की बऱ्याच जागी सोडियम बसतं, आणि शिसं आलं की ते सहज जागा सोडतं. सेमेन्स आणि मार्टिन यांनी १९८८ मध्ये क्लिनोप्टिलोलाइटवर हाच प्रश्न तपासला: अशा पूर्वप्रक्रियेने क्षमता आणि निवड कशी बदलते.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडणाऱ्या ह्यूलँडाइटचा सांगाडा क्लिनोप्टिलोलाइटसारखाच, पण त्यात बहुधा कॅल्शियम जास्त. म्हणजे नाव आणि सांगाडा बघून भागत नाही, जागेवर कोण बसलंय ते विचारावं लागतं.

खाणीच्या पाण्यात तर गर्दीच असते. त्यात कॅल्शियम आणि लोह असतं, आणि आम्लातला हायड्रोजन आयनही त्याच जागांसाठी भांडतो. तीव्र आम्ल सांगाड्यातलं ॲल्युमिनियमच ओढून काढतं, मग जागाच कमी होतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू घालून मिळालेला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

आणि आइशहॉर्न विसरू नका. अदलाबदल उलटी फिरते, म्हणून झिओलाइट पुन्हा वापरता येतं. पण त्या वेळी सुटलेलं शिसं खारट द्रावणात येतं. ते कुठे गेलं, हे निबंधात लिहिलंय का? वाचताना आधी तेच शोधा.