काळ्या दगडावरची रेघ

'काळ्या दगडावरची रेघ' म्हणजे कधीही न पुसणारी गोष्ट. पण तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, मुळात पाण्यात जन्मला की आगीत, यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात चांगलंच भांडण जुंपलं होतं!

जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्या अकादमीत १७७५ पासून अब्राहम व्हेर्नर शिकवत असे. त्याचं म्हणणं, पृथ्वी एकेकाळी पाण्याखाली होती आणि ग्रॅनाइट, बेसाल्ट सगळे त्या पाण्यातूनच थराथराने खाली बसले. मग ज्वालामुखी? जमिनीखालचा कोळसा पेटतो, म्हणून! आज हसू येतं खरं. पण शाइबेनबर्गच्या टेकडीत त्याला खाली वाळू, वर चिकणमाती आणि त्यावर बेसाल्ट असे थर दिसले होते. आयर्लंडमध्ये पोर्टरशला तर 'बेसाल्ट'मध्ये चक्क सागरी जीवाश्म सापडले. आगीत शिंपले कसे टिकतील, सांगा!

एडिंबरोचा जेम्स हटन मात्र पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर ठाम होता. १७८५ मध्ये ग्लेन टिल्टच्या ओढ्यात त्याला ग्रॅनाइटच्या तांबूस शिरा जुन्या खडकात घुसलेल्या दिसल्या. म्हणजे ग्रॅनाइट नंतर आला, आणि आला तेव्हा पातळ होता. हटन १७९७ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याचा मित्र जेम्स हॉल याने बेसाल्टसारखा दगड भट्टीत वितळवल्याचे प्रयोग मांडले. रस झटकन थंड केला की काच होते, सावकाश थंड केला की पुन्हा स्फटिकांचा दगड!

आणि पोर्टरशचे शिंपले? तो बेसाल्ट नव्हताच. शेजारी घुसलेल्या तप्त रसाने भाजून काळा टणक झालेला तो चिखलाचा खडक होता.

मला सगळ्यात आवडला तो व्हेर्नरचाच शिष्य, लिओपोल्ड फॉन बुख. १८०२ मध्ये तो फ्रान्सच्या ओव्हेर्न्यमध्ये गेला. तिथले विझलेले ज्वालामुखी आणि त्यांचे लाव्हा पाहून बेसाल्टबद्दलचं त्याचं मत बदललं. गुरूचं म्हणणं सोडणं काय सोपं असतं?

अग्निजन्य आणि गाळाचे खडक हे शाळेत आपण दोन ओळींत पाठ केलं. पण ही नुसती नावं नाहीत, प्रत्येक नावात 'हा असा जन्मला' असा दावा आहे. आणि तो दावा नुसत्या रूपावरून करता येत नाही. आपला सह्याद्रीच पाहा ना. कसे आडवे थरावर थर! लाव्हाच्या थरांमध्ये अधूनमधून तळ्यातल्या गाळाचे पट्टेही आहेत. मुंबईत वरळीला तर अशा गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. व्हेर्नर इथे आला असता, तर त्याला आपल्या मताचा आणखी एक पुरावाच मिळाल्यासारखं वाटलं असतं.

म्हणून आता घाटात कुणी "हे थर पाण्याचे" म्हणालं, तर हसू नका. खडकाचा ताजा तुकडा हातात घ्या. स्फटिक एकमेकांत गुंतलेत, की गाळाचे कण एकमेकांना चिकटलेत, एवढं आधी पाहा.