तबला कधी बसला?

सत्तरी तालुक्यात झर्मे आणि करंझोळ या गावांत शिमग्याला चोरोत्सव होतो आणि त्याच्या जोडीने रणमाले. ते झालं नाही तर ग्रामदैवत कोपतं असा समज, म्हणून वर्षातून एकदा ते व्हायलाच हवं. रणमाल्याला पडदा नसतो. मांडावर मागच्या बाजूला पुरुषमंडळी खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहतात आणि तीच रांग पडद्याचं काम करते. तीच रामायण-महाभारताच्या कथा ‘जत’ नावाच्या गाण्यांतून गाते. दोन्ही कडांना घुमट आणि कासाळेवाले, तेही उभेच. सोंगं पुढे येऊन नाचतात, निघून जातात, रांग तशीच. खाली गाव बसलेला.

आता वाळपईतून बस पकडून पणजीला कला अकादमीत शास्त्रीय गायनाला जा. गवई बसलेला, तबलजी बसलेला, पेटीवाला बसलेला, मागच्या तानपुऱ्यावरच्या दोन विद्यार्थिनी बसलेल्या. ऐकणारेही बसलेले, फक्त खुर्चीवर. एकाच गोव्यातलं एक गाणं अजून उभं आहे आणि दुसरं पार मांडी घालून बसलंय. हे दुसरं कधी बसलं, कोणाच्या सांगण्यावरून बसलं, हा किडा डोक्यात शिरला की लवकर निघत नाही.

उत्तराचा धागा मला सापडला तो कमरेशी. शिमग्यात सुवारी वाजवणारा शामेळवाला बघा. शामेळ म्हणजे छोटं मातीचं नगारं, कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवायचं. डिचोली-सत्तरीच्या घोडेमोडणीत तर अख्खा लाकडी घोडाच कमरेला. चालताना, नाचताना, हात मोकळे ठेवायचे तर सामान कमरेलाच येणार, यात नवल नाही. नवल वाटलं ते पुढे, एकोणिसाव्या शतकातली कंपनी शैलीची चित्रं पाहताना. पुढे नाचणारी कलावंतीण, घेरदार पेशवाज पसरलेला, आणि तिच्या मागे साथीदार उभे. सारंगीवाल्याने सारंगीचं बूड कमरपट्ट्यात खोचलेलं. आणि तबलजीच्या पोटाशी कापडाची झोळी, त्या झोळीत तबला आणि डग्गा शेजारी शेजारी, तोंडं किंचित पुढे कललेली. हुबेहूब शामेळवाला! पुढच्या काळातल्या छायाचित्रांतही हे उभे तबलजी दिसतात. मग कधीतरी झोळी गेली, तबला जमिनीवर आला आणि त्याच्या बुडाखाली चुंबळ आली. डोक्यावर घागर ठेवायला बायका करतात तीच चुंबळ. माझ्या मते हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात या चुंबळीला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही.

का उभे होते हे लोक? सगळ्यांत पहिलं येणारं उत्तर मानापमानाचं. मोठ्या माणसासमोर लहान माणूस बसत नाही. मराठी वाचकाला दरबारातलं उभं राहणं शिकवायला नको, 1666 सालचा आग्र्याचा दरबार आपल्या शाळेच्या पुस्तकातच आहे. पण त्या प्रसंगात एक गोष्ट निसटते. तिथे सगळेच उभे होते, भांडण होतं ते कोणाच्या मागे उभं केलं याचं. मोगल दरबारात बसणं हाच इतका मोठा बहुमान होता की 1617 मध्ये दख्खनहून परतलेल्या आपल्या मुलाला, खुर्रमला, जहांगीराने सिंहासनाजवळ आसन दिलं, त्याची नोंद झाली. तेव्हा गाणारा-वाजवणारा उभा असला तर त्यात विशेष ते काय?

ही उपपत्ती सोपी आहे आणि म्हणूनच मला ती पुरी पटत नाही. दरबाराच्या धाकानेच संगीत उभं राहिलं असतं तर धृपद गाणारा आणि बीनकारही उभे राहिले असते. ते तर बहुतेक बसूनच गात-वाजवत आले. पखवाजही मांडीपुढे आडवा. स्वामी हरिदास, तानसेन आणि अकबर यांचं अठराव्या शतकातलं एक प्रसिद्ध राजस्थानी शैलीचं चित्र आहे. हरिदास बसलेले, तानसेन बसलेला आणि बादशहा उभा! प्रसंग चित्रकाराच्या मनातला, अकबराला जाऊन दीडशे वर्षं उलटलेली. पण चित्रकाराला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला हे दृश्य खटकलं नाही हे महत्त्वाचं. म्हणजे त्या काळी संगीतात दोन जाती होत्या म्हणायच्या, एक बसणारी आणि एक उभी. प्रश्न असा की उभी होती ती कशामुळे?

दुसरी उपपत्ती चालण्याची. उभं गाणं म्हणजे थांबलेली मिरवणूक. आपल्याकडे हिला पुरावा भरपूर. देवळाचा चौघडा नौबतखान्यात बसून वाजतो, पण पालखी निघाली की सनईवाला खाली उतरून चालू लागतो. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते, मृदंग गळ्यात. दिंडी जणू आत्ताच दारात येऊन थांबलीय. शिमग्याची मिरवणूक म्हणजे रोमट, ते तर चालतंच. या मताच्या बाजूने सगळ्यांत भारी साक्ष मडगावच्या दिंडीची. शंभरावर वर्षं चाललेल्या या उत्सवात हरिमंदिराची दिंडी भजन करत रस्त्याने जाते आणि ठरल्या जागी थांबली की तिथे गायनाची बैठक होते, नामवंत गवई येऊन बसून गातात. मग दिंडी पुन्हा चालायला लागते. चाललं की उभं, थांबलं की बसलं. एका रात्रीत, एकाच रस्त्यावर दोन्ही जाती.

एवढी देखणी साक्ष असूनही मी या मतावर थांबणार नाही, कारण झोळीतला तबला मिरवणुकीत नव्हताच. तो दिवाणखान्यात होता. गालिचा अंथरलेला, मालक लोडाला टेकलेला, रात्रभर कुठेही जायचं नाही, आणि तरी तबलजी उभा! चालण्यासाठी नव्हे तर नाचणारीसाठी तो उभा होता. ती दोन पावलं पुढे आली की तो दोन पावलं पुढे, ती वळली की त्याला तिचा पदन्यास दिसला पाहिजे आणि तिला त्याचा ठेका जवळून ऐकू आला पाहिजे. माईक नव्हता, हे आपण विसरतो. साथ पावलांना चिकटून करायची होती. म्हणून माझं म्हणणं असं की तबला बसला तो नाच आणि गाणं विभक्त झाले त्या दिवशी. वाटण्या झाल्या, नाच आपल्या घरी गेला, गाणं आपल्या घरी, आणि तबल्याने गाण्याच्या घरात बैठक मारली.

लावणी याची पक्की जामीन आहे. फडावर, तमाशात, लावणी नाचून होते आणि तिथे ढोलकीवाला आजही उभा, तुणतुणंवाला उभा, झांजवाला उभा. त्याच लावणीची बैठकीची जात मात्र गाणारी बसून रंगवते. पाय थांबतात, मग सगळी अदा भुवई, मान आणि मनगटात गोळा होते. एकच ओळ दहा तऱ्हांनी सांगायची. यमुनाबाई वाईकरांनी ही कला जिवंत ठेवली; 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या पंच्याण्णवी ओलांडलेल्या होत्या. नाच गेला की माणूस बसतो आणि बसला की सोबतची वाद्यंही बसतात.

बसल्यामुळे तबल्याचं काय झालं? इथे मी जरा धाडस करतो. पोटाशी लोंबणाऱ्या डग्ग्यावर मनगटाचा भार टाकता येत नाही; टाकला तर झोळी हलते. डग्गा चुंबळीवर घट्ट बसला तेव्हाच मनगट दाबून, घसटून तो घुमारा काढता आला असणार, ज्याच्याशिवाय आज तबला म्हणजे नुसती टिचकी वाटेल. आणि विलंबित ख्यालाचा संथ, भरलेला ठेका याच घुमाऱ्यावर उभा आहे. अब्दुल वहीद खाँ, मग अमीर खाँ यांनी लय जिथपर्यंत ताणली तिथे उभ्याने, खांद्यात ओझं घेऊन, तासभर झुमऱ्याचा ठेका धरणारा तबलजी डोळ्यांसमोर आणून बघा. धृपदवाले म्हणतील, आमचा पखवाज आधीपासून बसलेला आणि आमचा आलापही संथ, मग तबल्याचं काय कौतुक? आक्षेप खरा आहे. पण धृपदाच्या आलापात पखवाज गप्पच असतो. विलंबित ख्यालात तबला पहिल्या समेपासून बोलतो. म्हणून माझा तर्क अजून तगून आहे असं मी धरून चालतो.

आणि खाप्रुमाम? गोव्याचे लक्ष्मणराव पर्वतकर, ‘लयब्रह्मभास्कर’. एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा, पायांवर आणखी वेगळे, तोंडाने पाचवंच काही, असा हिशेब ते एका वेळी मांडत. पाय तालासाठी मोकळे हवेत तर शरीराचा भार दुसऱ्या कुठेतरी टेकलेला हवा. उभ्या माणसाला खाप्रुमाम होता येणार नाही, एवढं तरी प्रतिपक्षाने कबूल करावं.

गोव्यात हा सगळा मामला आणखी एका कारणाने टोकदार होतो. इथल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांना देवळाची सेवा होती, गाणंही आणि नाचही. एकोणिसावं शतक सरता सरता या घरांतल्या गुणी मुली मुंबईकडे वळल्या. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि नाव झालं ते निव्वळ गाण्यावर. काठापदराचं लुगडं, खांद्यावरून पदर, तानपुरा, मांडी. नाचणारीची आठवण करून देईल असं काहीही त्या बैठकीत उरलं नव्हतं आणि ते मुद्दाम उरू दिलं नव्हतं. बसणं ही इथे प्रतिष्ठा होती, समाजाकडून हिसकून घेतलेली. म्हणजे मघाशी मी ज्या मानापमानाच्या उपपत्तीला पुढच्या दाराने बाहेर काढलं, ती परसदाराने आत आलीच. येऊ दे. तबला नाचापासून सुटला म्हणून बसला हे माझं म्हणणं कायम. नाच सोडावा असं का वाटलं, याचं उत्तर मात्र तिच्याकडे आहे.

ऐकणाऱ्यांची गोष्ट त्या मानाने छोटी. आपल्याकडे श्रोता बहुतेक बसलेलाच. नारदीय कीर्तनात बुवा गादीवर उभे, लोक बसलेले, आरतीला तेवढे सगळे उठतात. पेडण्याकडे दशावतारी रात्रभर उभ्याने नाचतात-गातात, पेटी-पखवाजवाले कडेला बसतात आणि त्या रंगमंचावरच्या एकुलत्या एका बाकावर राजापासून राक्षसापर्यंत सगळे पाळीपाळीने टेकतात. समोरचं पब्लिक गोणपाट, चटई, जे असेल त्यावर. खुर्ची आली ती नाटकगृहाबरोबर आणि तिकिटाबरोबर. 1953 पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तिथे खुर्चीच्या शेजारी ‘भारतीय बैठक’ अजून तग धरून आहे. गुडघे शाबूत असणाऱ्यांनी तिचाच लाभ घ्यावा, शेजाऱ्याची दाद मांडीपर्यंत पोचते.

युरोपात गाडी उलट्या दिशेने गेली. पॅरिसच्या नाट्यगृहांत खालच्या चौकातला प्रेक्षक उभा असे, गप्पा मारे, धक्काबुक्की करी. 1782 मध्ये कॉमेडी फ्राँसेजच्या नव्या इमारतीत त्याला बाकं मिळाली आणि तो गप्प झाला अशी तिथल्यांची तक्रार. लंडनचे प्रॉम्स 1895 साली सुरू झाले, तिथे स्वस्त तिकिटावर उभं राहून सिम्फनी ऐकायची सोय आजही आहे. हँडेलच्या ‘मसाया’मधल्या हालेलुयाला श्रोते उठून उभे राहतात, कारण म्हणे 1743 साली राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला होता. या कथेचा आधार म्हणजे सदतीस वर्षांनंतरचं एक पत्र. आपल्या चित्रकाराचा अकबर त्या राजापेक्षा काही वाईट नाही.

म्हणून 2007 साली कांदोळीला सनबर्न संगीत महोत्सव सुरू झाला आणि हजारो पोरं उभ्याने संगीत ऐकू लागली तेव्हा ‘ही कुठली परदेशी रीत’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. आवडनिवड वेगळी, मलाही तो दणदणाट सोसत नाही. पण जिथे नाच आहे तिथे खुर्ची नाही, हा नियम शिमग्याच्या रोमटाने त्या पोरांच्या कितीतरी आधी पाळलाय.

एका घराची हकीकत सांगायची राहिली. मेनकाबाई शिरोडकर व्यवसायाने नर्तकी, गाणं अल्लादिया खाँसाहेबांकडचं. त्यांची मुलगी शोभा गुर्टू नाचली नाही. ती बसून ठुमरी-दादरा गायली आणि आईचा सगळा नाच तिने हात, डोळे आणि आवाजाच्या मुरकीत आणला. तिच्या मैफिली ऐकायच्या तितक्याच बघायच्या असत. तिचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबल्यावरून निघून जगभरच्या जॅझवाल्यांत गेला. ड्रमवाला स्टुलावर बसतो आणि पायाने मोठा ढोल हाणतो. त्रिलोकने तो पायाचा ढोल काढून टाकला, विलायती ड्रम आणि तबला एकत्र मांडले आणि जमिनीवर अर्धवट गुडघा टेकून वाजवायला लागला. आता हा बसलेला धरायचा की उभा, यावर माझी उपपत्ती गप्प आहे.