खुलताबादच्या वाटेवरील मोटारभाडे व नाण्यांचा खोळंबा

बससेवा संथ का चालते याची चर्चा करताना रस्ता, घाट आणि इंजिन यांचा विचार होतो. प्रवासी चढण्यात आणि भाडे चुकते करण्यात जाणारा वेळ मात्र सहसा हिशेबात धरला जात नाही. वस्तुतः या वेळेलाही इतिहास आहे, आणि तो पुष्कळ अंशी नाण्यांचा इतिहास आहे. औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) दौलताबादवरून खुलताबाद व वेरूळकडे जाणारी वाट या दृष्टीने उद्‌बोधक आहे. (ग्रामनामाचे मूळ अरबी 'खुल्द' म्हणजे स्वर्ग, मराठी उच्चारात त्यातील 'द'चा 'त' झाला.)

हैदराबाद संस्थानात १९३२ साली सरकारी मोटारवाहतूक २७ गाड्यांनिशी सुरू झाली. संस्थानाचे चलन हाली शिक्का हे होते, तर घाटाखालच्या खानदेशात इंग्रजी कलदार चाले. सात हाली रुपयांस सुमारे सहा कलदार असा भाव पडे. चाळीसगावकडून घाट चढून वेरूळास येणाऱ्याच्या कनवटीस कलदारच असणार, हे उघड आहे. विलीनीकरणानंतरही काही काळ हाली नाणी व्यवहारात राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पाच महिन्यांच्या आत, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी सुरू झाली. एका आण्याचे ६.२५ नवे पैसे! कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे ६, दोनांचे १२, तिनांचे १९ आणि चारांचे २५ पैसे धरावयाचे. जुनी नाणीही चालूच होती. म्हणजे जेमतेम दशकभरात या भागातील माणसाला तीन हिशेब शिकावे लागले. चालत्या गाडीत, एका हाताने दांडी धरून, हा हिशेब सोडविणे सोपे नव्हे. 'वाहक' हा शब्द कोणी योजिला असेल तो असो. तो खरोखर मोडीचे ओझे वाहतो.

हा प्रश्न जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. जून २०१८ मध्ये एसटीने भाडे पाच रुपयांच्या पटीत आणले, ते सुट्या पैशांची अडचण टाळण्यासाठीच. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत ही पट सुटली. पहिल्या टप्प्याचे भाडे १० चे ११ रुपये झाले आणि एका रुपयासाठी वादंग पुन्हा सुरू झाले. महिलांना २०२३ पासून अर्धे भाडे आहे, पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून भाडेच नाही. तथापि शून्य भाड्याचेही तिकीट द्यावेच लागते.

मुंबईत बेस्टने एप्रिल २०२२ मध्ये चढता-उतरता कार्ड टेकविण्याची पद्धत आणली. परंतु याचे मूळ तत्त्व, म्हणजे भाडे गाडीबाहेर घ्यावे, हे एसटीला परके नाही. तिच्या विनावाहक गाड्यांत स्थानकावरच तिकीट मिळते. वाटेत हात दाखवून थांबणाऱ्या गाडीस हे जमणार नाही, हे मान्य. मात्र खुलताबादच्या उरुसाला किंवा हनुमान जयंतीस भद्रा मारुतीला लोटणारी गर्दी बव्हंशी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाते. तिचे भाडे गाडी सुटण्यापूर्वी, तेही पूर्ण दहाच्या आकड्यात, घेण्यास यंत्राचीसुद्धा गरज नाही. तक्ता, टेबल आणि दोन कारकून पुरेत.