कुंपणाचा खड्डा आणि यंत्रशक्ती : अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील शेतकुंपणाच्या साधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

शेतीच्या इतिहासलेखनात नांगर, मोट, बियाणे आणि जमीनमहसूल यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे कुंपणाला मिळालेले नाही. 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु ते कुंपण घातले कोणी, कोणत्या अवजाराने घातले आणि त्यासाठी किती श्रम खर्ची पडले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. अमेरिकेच्या इतिहासात काटेरी तारेवर विपुल लेखन झाले आहे. वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांच्या 'द ग्रेट प्लेन्स' (१९३१) या ग्रंथाने तारेला पश्चिमेच्या वसाहतीकरणातील निर्णायक साधनांत स्थान दिले. मात्र तार खांबावर असते आणि खांब खड्ड्यात असतो. त्या खड्ड्याचा इतिहास तारेच्या इतिहासापेक्षा वेगळ्या गतीने चालला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तार १८७४ नंतर सहा वर्षांत कारखान्यातून लाखो पौंडांनी बाहेर पडू लागली. खड्डा मात्र त्यानंतरही सुमारे सहा-सात दशके माणसाच्या खांद्यावरच राहिला. या तफावतीची कारणे शोधणे आणि कुंपणासाठी यंत्राची निवड कोणत्या गोष्टींवर ठरत गेली हे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१८७१ : दोन देश, दोन कायदे :

१८७१ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्याने देशातील कुंपणांची पाहणी केली. सर्व शेतकुंपणांची किंमत सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर भरली. यादवी युद्धानंतरच्या राष्ट्रीय कर्जाशी तुलना करावी एवढी ही रक्कम होती. त्याच वर्षी हिंदुस्थानात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, म्हणजे १८७१ चा पहिला कायदा, संमत झाला. पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार त्याने शेतकऱ्याला दिला आणि दंडाची जबाबदारी जनावराच्या मालकावर टाकली.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवल्या की एक मूलभूत भेद स्पष्ट होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात प्रचलित रूढी अशी होती की गुरे मोकळी चरणार आणि ज्याला पीक वाचवायचे असेल त्याने आपल्या शेताला कुंपण घालावे. पुढे कॅन्सस, नेब्रास्का आदी राज्यांत याच्या उलट, गुरे राखण्याची सक्ती करणारे कायदेही झाले. परंतु कुंपणाची गरज त्यामुळे संपली नाही. आपल्याकडे कायद्याचा भार गुराख्यावर होता आणि शेताची राखण माणूस करीत असे. ज्वारी भरात आली की शेतात माळा उभारायचा, गोफण घेऊन राखणदाराने त्यावर बसायचे, आणि चुकार जनावर कोंडवाड्यात पोचवायचे. मजुरी स्वस्त असल्यामुळे राखण स्वस्त होती. बांधावर बोरी-बाभळीच्या काट्या, निवडुंग, शेर किंवा घायपात, आणि कोकणात दगडी गडगा, एवढ्यावर भागत असे. अमेरिकेत माणूस महाग आणि जमीन अफाट होती. म्हणून तिथे राखणीची जागा कुंपणाने घेतली.

तार स्वस्त, खड्डा महाग :

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतदाराला १६० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. पूर्वेकडील जंगलमय राज्यांत लाकडी ओंडक्यांचे कुंपण घालणे शक्य होते; इलिनॉयच्या पश्चिमेस गवताचा समुद्र होता आणि लाकूड दुर्मिळ. ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई लावण्याचा प्रयोग बराच चालला. पण ती दाट व्हायला तीन-चार वर्षे लागत. गुळगुळीत तार थंडीत तुटे, उन्हाळ्यात सैल पडे, आणि जनावर तिला अंग घासून ती खुशाल वाकवी.

इलिनॉयमधील डीकॅल्ब येथील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने दोन तारांच्या पिळात काटा अडकवून ठेवण्याची युक्ती शोधली. काटे वळवण्यासाठी त्याने घरातल्या कॉफी दळण्याच्या जात्याचा उपयोग केला. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळाले. त्याच गावातील जेकब हेश याने त्याच्याशी दीर्घकाळ कज्जा केला; अखेर १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लिडनचा हक्क मान्य केला. दरम्यान १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉशबर्न अँड मोएन या कंपनीने ग्लिडनचा वाटा विकत घेतला होता. १८७४ मध्ये १०,००० पौंड असलेले काटेरी तारेचे उत्पादन १८८० मध्ये ८ कोटी पौंडांच्या वर गेले. रिचर्ड हॉर्नबेक यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले आहे की, ज्या काउंटींत लाकूड सर्वांत कमी होते, तिथे तारेच्या आगमनानंतर वस्ती, जमिनीचे मूल्य आणि पिकांची उत्पादकता तुलनेने अधिक वाढली.

येथपर्यंतचा इतिहास सर्वश्रुत आहे. आता खड्ड्यांचा हिशेब करून पाहू. १६० एकरांचा चौकोनी तुकडा म्हणजे प्रत्येक बाजू अर्धा मैल, घेर दोन मैल. चार पदरी तार लावली तर आठ मैल तार लागेल. ती रिळावर गुंडाळून रेल्वेने येई. खांब साडेसोळा फुटांवर, म्हणजे एका रॉडवर, घेतले तर ६४० खांब लागतात आणि तेवढेच खड्डे. प्रत्येक खड्डा अडीच फूट धरला, तर एकूण खोली १,६०० फूट भरते. शतकानुशतके मुळांनी विणलेल्या त्या गवताळ जमिनीत हे काम फावडे, पहार, हाताने फिरवायचे गिरमिट आणि चिमट्यासारखे दोन दांड्यांचे खोरे यांनीच होत असे. तार ओढण्याचे साधे ताणयंत्र होते, तरफ होती; पण माती उकरायला इंजिन नव्हते. वाफेचे इंजिन मळणीपुरते शेतावर येई, मात्र दर पाच पावलांवर हलवावे असे ते यंत्र नव्हते. कारखान्यात यंत्रशक्ती एका जागी असते आणि माल तिच्याकडे येतो. कुंपणाच्या कामात याउलट यंत्रालाच माळरानभर चालावे लागते. खड्डा इतकी वर्षे मागे राहिला त्याचे मुख्य कारण हेच आहे.

हे श्रम कोणासाठी होत होते, हाही प्रश्न आहे. टेक्सासमध्ये मोठ्या पशुपालकांनी सार्वजनिक जमीन आणि पाणवठेही तारेने वेढले. १८८३ च्या दुष्काळात लहान पशुपालकांनी रात्री टोळ्या करून तारा तोडल्या. जानेवारी १८८४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तार तोडणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरविला. त्याचबरोबर दुसऱ्याच्या वा सार्वजनिक जमिनीस कुंपण घालण्यासही मनाई केली आणि दर तीन मैलांवर फाटक ठेवण्याची सक्ती केली. १८८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक जमिनीवरील बेकायदा कुंपणांविरुद्ध कायदा केला. पुढच्या कडक हिवाळ्यांत वादळापुढे दक्षिणेकडे सरकणारी हजारो गुरे तारेशी अडून मेली. एका रात्रीत तोडता येणारी तार आणि आठवडेच्या आठवडे खपून खणलेले खड्डे यांतील अंतर लक्षात घेतले, म्हणजे त्या संघर्षातील कटुता समजते.

ट्रॅक्टरच्या मागून आलेले गिरमिट :

कुंपणासाठी म्हणून यंत्रशक्तीचा शोध कोणी लावला नाही. ती अन्य कामांसाठी शेतावर आली आणि कुंपणाने तिचा लाभ घेतला. १९१८ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ट्रॅक्टरच्या मागे फिरता दांडा देऊन इंजिनाची शक्ती जोडअवजाराला पुरवण्याची सोय केली. आपल्याकडचे शेतकरी त्याला आजही 'पीटीओ' म्हणतात. पुढे मिनिटाला ५४० फेरे हे त्याचे प्रमाण रूढ झाले. हॅरी फर्ग्युसनच्या हायड्रॉलिक उचल आणि तीन-बिंदू जोडणीने, विशेषतः १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरबरोबर, अवजार बसल्या जागेवरून उचलणे व टेकवणे शक्य झाले. फिरती शक्ती आणि उचल या दोन गोष्टी एकत्र आल्यावर खड्डे पाडणारे गिरमिट ट्रॅक्टरमागे बसणे ओघाने आलेच. अमेरिकी शेतांवर १९२० मध्ये सुमारे अडीच लाख, १९४० मध्ये सुमारे १५ लाख ७० हजार आणि १९५० मध्ये सुमारे ३४ लाख ट्रॅक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात शेतमजूर सैन्यात व कारखान्यांत गेले, आणि हाताने खड्डे खणणारा माणूसच मिळेनासा झाला.

खांबांच्या बाबतीत असेच घडले. आंद्रेआस श्टील याने १९२० च्या दशकात जर्मनीत साखळी करवती आणल्या. परंतु त्या दोन माणसांनी उचलायच्या होत्या. एका माणसाला पेलणाऱ्या करवती अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या. वीज मात्र या कामात उशिरा आली. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची संस्था स्थापन झाली तेव्हा अमेरिकेतील दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती. आणि ती आली तरी गोठ्यापर्यंत, बांधापर्यंत नव्हे.

साधनाची निवड :

यंत्र आले म्हणजे निवडीचा प्रश्न सुटला असे नाही. उलट तो तेव्हाच निर्माण झाला. गिरमिट माती वर काढते, त्यामुळे खांब उभा केल्यावर ती परत भरून चोपावी लागते. याला पर्याय म्हणून खांब थेट ठोकणारी यंत्रे आली. ठोकलेला खांब माती बाजूला दाबत जातो आणि तत्काळ घट्ट बसतो. परंतु त्याला वजनदार यंत्र लागते आणि खाली खडक असेल तर खांबच फुटतो. लोखंडी टी-आकाराच्या खांबाने खड्डाच अनावश्यक केला. नळीसारखा हातघण त्यासाठी पुरे होतो. हातात धरायचे पेट्रोल गिरमिट डोंगरउतारावर, जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथे, उपयोगी पडते. मात्र मूळ किंवा दगड लागताच पाते थांबते आणि दांडा माणसाला फिरवतो. मऊ मातीत एकाने आणि कठीण जमिनीत दोघांनी धरायची यंत्रे वेगळी असतात ती याच कारणाने.

श्रम वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा पल्ला मात्र गिरमिटाने गाठला नाही, असे माझे मत आहे. न्यूझीलंडमध्ये बिल गॅलघर याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेच्या कुंपणाची यंत्रणा विकसित केली. या कुंपणात जनावर तारेच्या ताकदीमुळे थांबत नाही, झटक्याच्या आठवणीमुळे थांबते. त्यामुळे तार हलकी चालते, खांब दूर दूर चालतात, खड्डे कमी होतात. खड्डा लवकर पाडण्यापेक्षा तो टाळणे अधिक फायद्याचे ठरले.

महाराष्ट्राचा संदर्भ :

आपल्याकडील जुन्या जिवंत कुंपणांपैकी निवडुंगाचे कुंपण मागे पडण्यास एक कीटक कारणीभूत झाला. १९२६ मध्ये सिलोनहून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्याने दक्षिण भारतातील निवडुंगाचा झपाट्याने नाश केला. राखण करणारा माणूसही आता पूर्वीसारखा मिळत नाही, आणि रानडुकरे व नीलगाई यांना कोंडवाड्याचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे 'तार कंपाउंड' ही आज गरजेची बाब झाली आहे. परंतु अमेरिकेचा हिशेब येथे जसाच्या तसा लावता येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण १.३४ हेक्टर आहे. ते एकाच चौकोनी तुकड्यात आहे असे मानले तरी घेर सुमारे ४६३ मीटर, म्हणजे हेक्टरी सुमारे ३४६ मीटर होतो. १६० एकरांच्या वसाहतदाराला हेच प्रमाण हेक्टरी सुमारे ५० मीटर पडत होते. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला हेक्टरी सातपट कुंपण लागते. पण एकूण खांब मात्र, तीन मीटरला एक धरल्यास, दीडशेच्या आसपास. एवढ्यासाठी यंत्र विकत घेणे परवडत नाही आणि हाताने खणणेही जिवावर येते. ते भाड्याने घेणे किंवा चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून घेणे, एवढाच मार्ग उरतो. २०१४-१५ पासूनच्या केंद्रीय कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजार भाडेकेंद्रांना मिळालेले प्रोत्साहन या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

जमिनीचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती ओली असता गिरमिटाच्या पात्यांना लगदा होऊन चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून खांब सैल होतात. म्हणून खड्डा वाफशावर पाडणे आणि तळाशी मुरूम वा काँक्रीट भरणे इष्ट ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावरील कातळात आणि कोकणातील जांभ्यात गिरमिट घासत राहते, पण आत जात नाही. तिथे पूर्वजांनी खांब न रोवता गडगा रचला, यात मागासलेपणा नव्हता. जमिनीची चांगली पारख होती.

अपघाताच्या बाजूकडे आपल्याकडील माहितीपत्रके फारसे लक्ष देत नाहीत. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उघड्या दांड्यात किंवा बाहेर आलेल्या बोल्टमध्ये कापडाचे टोक सापडले, तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. अमेरिकेत या दांड्यावर संरक्षक नळकांडे बसवण्याचा आग्रह अशा अपघातांतूनच वाढला. आपल्या शेतात धोतराचा सोगा, साडीचा पदर आणि गळ्यातला गमछा ही रोजची वस्त्रे आहेत, आणि यंत्र चालू असताना पात्याजवळची माती ओढायला बहुधा स्त्रियाच असतात.

विजेच्या कुंपणाबाबतही हेच म्हणावे लागते. सौर कुंपणाच्या प्रमाणित यंत्रातून झटका साधारणतः सेकंदाला एकदा आणि अत्यल्प काळ येतो. दोन झटक्यांच्या मध्ये जनावराला वा माणसाला सुटायला अवकाश मिळतो. या यंत्राचा खर्च टाळून घरगुती वाहिनीचा प्रवाह थेट तारेत सोडला, तर प्रवाह अखंड राहतो आणि स्नायू आखडून तारेला लागलेला हात सुटत नाही. विदर्भात अशा तारांना लागून वाघ मेले आहेत, आणि रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेले शेतकरीही.