परिचर्येतील निर्णयशक्ती

रुग्णाच्या खाटेपाशी दिसणाऱ्या खुणा, शास्त्राचे ज्ञान आणि अनुभव यांचा मेळ घालून रुग्णाला आत्ता काय होत आहे, किती घाई आहे आणि पुढे काय करायचे हे ठरवण्याची परिचारिकेची क्षमता. रोगनिदान व औषधयोजना डॉक्टर करतात. पण वॉर्डात चोवीस तास परिचारिकाच असते आणि प्रकृतीतला बिघाड बहुधा तिच्याच प्रथम लक्षात येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णनिरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

या कामातली खरी अडचण अशी, की एकाच आकड्याचा अर्थ रुग्णागणिक बदलतो. रक्तातील ऑक्सिजन ९० टक्के असणे तरुण न्यूमोनियाच्या रुग्णात चिंतेचे. फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णात मात्र ८८ ते ९२ हेच लक्ष्य असते, तिथे भरमसाट ऑक्सिजन घातक ठरू शकतो. दम्याच्या झटक्यात छातीतली शिट्टी थांबली, पण रुग्ण थकलेला दिसतो आहे, तर ती सुधारणा नसून हवा आत जाणेच कमी झाल्याची खूण असू शकते. बाळंतिणीचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो, म्हणून नाडीचा वाढता वेग आणि भिजलेले पॅड यांकडे आधी पाहावे लागते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी मात्र अशा वेळीही फारशी वाढत नाही. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग तापाविना, केवळ बरळण्यातून प्रकट होऊ शकतो.

उदाहरणार्थ, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री सत्तरीचे आजोबा सलाइनची नळी ओढू लागतात. नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, झोपेचं काहीतरी द्या ना.’ ताप नाही, रक्तदाब ११८, ऑक्सिजन ९६; वरवर सगळे ठीक. जाणती सिस्टर घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते : २६. नाडी ११२. काल नातवाचे नाव घेणारे आजोबा आज मुलालाही ओळखत नाहीत. लघवीच्या पिशवीत मागच्या चार तासांत जेमतेम काही थेंब. ती झोपेचे औषध मागत नाही, तर निवासी डॉक्टरांना फोन करून हे आकडे सांगते आणि ‘आत्ता या’ म्हणते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेल्या व २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ गुणपद्धतीत या आजोबांना श्वासाचे ३, नव्या गोंधळाचे ३ आणि नाडीचे २ असे ८ गुण मिळतात. ७ किंवा अधिक म्हणजे तातडीची स्थिती. नवा गोंधळ हा निकष २०१७ च्या आवृत्तीत आला. पद्धत उपयुक्त आहे, पण श्वास न मोजताच तक्त्यावर सवयीने ‘१८’ लिहिला, तर ती कुचकामी ठरते आणि ही सवय दुर्मिळ नाही.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ असे परिचारिकेचे पाच टप्पे मांडले. क्रिस्टीन टॅनर यांच्या २००६ च्या प्रतिमानात लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि मागे वळून पाहणे असे चार भाग आहेत. यांपैकी पहिला भाग चुकला, तर बाकीच्यांना वावच उरत नाही.

निर्णय नेहमी आणीबाणीचाच असतो असे नाही. कुशी केव्हा बदलायची, कोणत्या हाडावरची त्वचा लाल होत आहे, घास गिळता येतो की नळीने भरवायचे, हेही रोजचे निर्णयच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मधील मृत्यूपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. सहकारी परिचारिकांच्या शुश्रूषेमुळे त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे.

ही क्षमता व्यक्तीइतकीच वॉर्डातल्या मनुष्यबळावरही अवलंबून असते. लिंडा एकेन व सहकाऱ्यांच्या २००२ मधील अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात, परिचारिकेमागे एक शस्त्रक्रिया-रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली.